मधला स्पीकर

पतसंस्थेचा लाभांश आला, चार हजार दोनशे.
प्रयाग म्हणाली, कूलरची मोटर बदला.
मी म्हणालो, मोटर पुढच्या उन्हाळ्याला,
औंदा आवाज.

सेलूत आमच्या गल्लीत पहिलं होम थिएटर माझं.
अकरा वर्षांपूर्वी नांदेडहून एसटीच्या टपावर आणलेलं,
पाच डबे आणि एक ढेरपोटी पेटी.
तिच्या दणक्यानं शेजारच्या मांडणीवरली पितळी ताटं
आपसात बोलायला लागायची.
आता पेटी खोकते.
डाव्याचा फोम बोटाला लागून येतो, काळ्या भुकटीसारखा.
मागच्यांच्या वायरी उंदरांनी नेल्या.
आणि सगळ्यांच्या तळाशी एक घूंऽ,
नळाला पाणी येण्याआधी असते तशी.
पाणी मात्र येत नाही.

नवं घ्यायचं तर बत्तीस हजार.
दुकानदारानं आकडा सांगितला
आणि लगेच चहा सांगितला.

वाजेदभाई परभणीला, स्टेशनसमोरच्या बोळात
जिन्याखाली बसतात, जिन्याच्या मापाचे वाकलेले.
अँप्लिफायर उघडला, फुंकर मारली.
एक वाळकं झुरळ, दोन फुगलेले कपॅसिटर.
"मशीन अच्छी है साब, पेट खराब है उसका."
कपॅसिटर साठला दोन.
फोमच्या कड्या साडेतीनशे.
मागचे दोघे जुन्यातून, नऊशेला,
कुठल्याशा बंद पडलेल्या व्हिडिओ सेंटरचे,
जाळीवर अजून कुणाच्यातरी पूजेची हळद.
वायर जाड तांब्याची, मीटरवर मोजून.
"पतली वायर में आवाज भूकी मरती, साब."

घरी शहाबादी फरशी, वर पत्रे.
एक टाळी वाजवली तर तीन परत येतात.
म्हणून मागच्या भिंतीला वाकळ ठोकली, चार खिळ्यांवर.
प्रयाग म्हणाली, पाहुणे काय म्हणतील?
म्हणलं, त्यांचाही आवाज जरा कमी येईल.

मग राहिला मधला.
बोलणारा.
माणसांचं बोलणं म्हणे सगळं ह्याच्यातूनच येतं.
त्याला मी हात लावला नव्हता,
तो कुठं बिघडला होता?
नुसता पुसावा म्हणून मागची वायर उपसली
तर चिमट्यात प्लास्टिक.
तांबं आतच.
अकरा वर्षांपूर्वी मी ते सोललंच नव्हतं.

अकरा वर्षं पाऊस, गोळ्या, घोडे
चारी कोपऱ्यांतून धो धो,
आणि माणसं नुसती ओठ हलवत उभी.
अकरा वर्षं प्रयाग विचारायची,
काय म्हणायलाय त्यो?
आणि मी सिस्टीमचा मालक,
मलाही ऐकू येईना हे कुठल्या तोंडानं सांगणार?
द्यायचो ठोकून काहीबाही.
म्हणतोय, उशीर झाला, दार उघड.
म्हणतोय, जेवलीस का.
म्हणतोय, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं.
ती बरं म्हणायची
आणि शेंगा फोडत राहायची.

दातांनी सोललं. अर्धा इंच.
ह्याचे पैसे शून्य.

रात्री तिच्या आवडीचा जुना पिक्चर लावला,
कूलर बंद करून, घाम पुसत.
नायक बोलला. समोरून, छातीतून,
आमच्याच दिवाणावर बसल्यासारखा.
म्हणाला, गाडीची किल्ली कुठाय?

प्रयागच्या हातात शेंग तशीच राहिली.
"तुम्ही तर म्हणला होता, माफी मागायलाय."
मी रिमोट पुसायला घेतला.
"दर वेळी मागायचा," ती म्हणाली.

पुढं तासभर तिनं काही विचारलं नाही.
मी पहिल्यांदाच तो पिक्चर ऐकत होतो:
किल्ली, वकील, जमिनीचे कागद, पुन्हा किल्ली.
डाव्या कोपऱ्यात घूंऽ अजून थोडी आहेच.
वाजेदभाई म्हणाले होते, वो अर्थिंग का मामला है,
मेरे हात का नहीं.

शेवटाकडं तो खिडकीशी उभा राहतो
बराच वेळ, पाठमोरा,
आणि काहीच बोलत नाही.
नव्या कड्या, नवं तांबं, वाकळ,
सगळं मिळून ते न बोलणं
स्वच्छ ऐकू येत होतं.

प्रयाग, माझ्याकडं न बघता:
आता काय म्हणायलाय त्यो?

मी उठलो. कूलर लावला.
जुनी मोटर खडखडायला लागली.
"म्हणतोय..."